पन्नासच्या पुढे

“मशीन नवीन आहे, बाई. पाणी जुनंच आहे.”

एवढं बोलून लॅबवाल्या काकांनी फोन ठेवून दिला. बुधवार होता, सकाळचे साडेअकरा, आणि मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं होतं की टेकडी विभागातलं शिसं सरासरी तीनवरून एकदम एकसष्टवर कसं उडालं, तुमचं ते नवं मशीन धड बसवलंय की नाही? शुक्रवारी पाणीखात्याचा वार्षिक अहवाल जायचा आणि बुधवारी यांचे हे असले आकडे, माझं डोकं तापलेलं. काका तळमजल्यावर शहराच्या नऊ विभागांतून आलेल्या पाण्याचे नमुने तपासतात, मी दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या आकड्यांचे तक्ते करते. बावीस वर्षं हेच चाललंय, आणि बावीस वर्षांत त्यांनी माझ्याआधी फोन ठेवलेला मला आठवत नाही. मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. टेबलावर स्टेपलर होता, फायली होत्या, अर्धा कप चहा होता, सगळं जागच्या जागी होतं. मी मात्र पुन्हा फोन लावला नाही, आणि का लावला नाही हे अजून माझं मला कबूल करायचं नव्हतं.

कारण मला माहीत होतं. माहीत नसतं तर मी काकांशी अर्धा तास भांडले असते. जुन्या मशीनला शिसं पन्नासपर्यंतच मोजता यायचं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, तेव्हा पन्नास म्हणजे आधीच अति झालं. त्याच्याही पुढे गेलं की मशीन हात वर करायचं, आणि काका नोंदीत पन्नासच्या आधी ‘पेक्षा जास्त’ची खूण काढायचे, चिमणीच्या पिल्लाने चोच वासावी तशी. नवीन मशीन हजारापर्यंत मोजतं. दोन महिन्यांपूर्वी ते आलं आणि टेकडीचे आकडे खूण न लागता, उघडेवाघडे यायला लागले. अठ्ठ्याऐंशी, एकशे एकोणचाळीस, सत्तावन्न. मग इतकी वर्षं ती खूण लागलेले आकडे माझ्या तक्त्यात कुठे जात होते? हा प्रश्न काकांनी विचारलाही नव्हता. तो मलाच पडला, आणि पडल्यावर काही केल्या उठेना.

मी क्वेरी उघडली. क्वेरी म्हणजे काही जादू नव्हे. संगणकाच्या पोटात लाखभर ओळी पडलेल्या असतात, त्यांना नेमकं काय विचारायचं याचं ते पत्र. हे पत्र मी अकरा वर्षांपूर्वी लिहिलं, वर माझं नाव आणि तारीख घातली, आणि त्यानंतर दरवर्षी ते चालवलं. चांगलं चाललेल्या गोष्टीला कुणी हात लावत नाही. नाव बघितलं आणि तो दिवसच डोळ्यांपुढे आला. खात्याने मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, माझ्याबरोबरचे सगळे माझ्या निम्म्या वयाचे, आणि परत आल्यावर मी अशी काही मिरवत होते की बोलायची सोय नाही. तोवर लॅबच्या नोंदी म्हणजे नुसती बजबजपुरी. कुणी आकड्याच्या आधी दोन रिकाम्या जागा सोडतोय, कुणी टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतोय, कुणी ‘४.२ अंदाजे’ असं लिहून मोकळा. आधी मी हे सगळं हाताने निस्तरायचे, बोटाखाली ओळ धरून. आणि आता माझ्याकडे तयार फंक्शन्स होती! ट्रिम म्हटलं की दोन्ही कडांच्या रिकाम्या जागा गळाल्या. रिप्लेस म्हटलं की स्वल्पविरामाचं टिंब झालं. सरासरी काढणारं एक, पूर्णांक करणारं एक, मजकुराची लांबी मोजणारं एक. त्या दिवशी मी जेवायला उठलेच नाही. आयुष्यात मला कुणी इतकं निमूटपणे ऐकणारं भेटलं नव्हतं.

आणि त्यातलं सगळ्यात लाडकं, मजकुराचा आकडा करून देणारं. ते नोंद डावीकडून वाचतं, नुकतं वाचायला शिकलेलं पोर दुकानाची पाटी वाचतं तसं. अंक येतायत तोवर गोळा करतं, अनोळखी काही आलं की थांबतं आणि पुढचं सोडून देतं. ‘४.२ अंदाजे’ दिलं की चार पूर्णांक दोन हातात, अंदाजे गेलं चुलीत. मी अक्षरशः टाळी वाजवली होती. पण पहिलंच अक्षर अनोळखी असलं तर? तर त्याच्या हातात काहीच येत नाही, आणि ते बेटं ‘काही नाही’ असं सांगत नाही. ते शून्य सांगतं. ओरडत नाही, अडत नाही, शून्य ठेवून पुढच्या ओळीकडे जातं. खोटं कशाला बोलू, इशारा देतं. खाली बारीक अक्षरांत येतं की इतक्या ओळींत काहीतरी गडबड आहे. पण ते ‘अंदाजे’बद्दलही कुरकुरायचं, दर वेळी तीन-चारशे इशारे, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ते इशारे बंद करून टाकले होते. मीच. ती ओळही तिथेच होती, माझ्या नावाच्या खाली चौथी.

मग मी साधा प्रश्न विचारला. प्रत्येक नोंदीचं पहिलं अक्षर काढ, आणि ते अंक नसेल अशा सगळ्या नोंदी दाखव. दोन सेकंदही लागले नाहीत. दोनशे बारा. दोनशे सात एकट्या टेकडीच्या. डावीकडे काकांची खूण आणि पन्नास, उजवीकडे माझं शून्य, डावीकडे खूण आणि पन्नास, उजवीकडे शून्य, मी खाली सरकवत गेले आणि ते संपेचना. नुसतं वाईट पाणी मोजलं गेलं नाही असं असतं तरी मी ते कसंबसं गिळलं असतं. इथे जितकं वाईट तितकं ते सरासरी खाली ओढत होतं. शहरातलं सगळ्यात घाणेरडं पाणी माझ्या तक्त्यात सगळ्यात शुद्ध ठरलं होतं. टेकडीला तीनदा ‘सर्वांत शुद्ध पाणी’चा फलक मिळाला, तिथल्या टाकीच्या भिंतीवर तो लावलाय, आणि पहिल्या फलकाच्या वेळी मीही जाऊन टाळ्या वाजवून आले होते. हसू यायला लागलं मला. बाजूच्या टेबलावरच्या बाई बघायला लागल्या तेव्हा मी फाईल तोंडापुढे धरली, कारण ते हसू होतं असं मला खात्रीने सांगता येत नव्हतं.

आमचे वडील शिंपी. त्यांची एक मापांची वही होती, निळ्या कापडाची, गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसत्या खुणा आणि माप. एकदा एक गिऱ्हाईक आलं, हा असा दरवाजाएवढा गृहस्थ, आणि वडिलांचा टेप त्याच्या पोटाभोवती पुरेना. मी दुकानाच्या पायरीवर बसून गृहपाठ करत होते, मी फिसकन हसले. वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू तिथेच जिरलं. मग त्यांनी टेप संपला तिथे अंगठा रोवला, टेप काढला, अंगठ्यापासून पुन्हा लावला आणि दोन मापांची बेरीज करून वहीत लिहिली. गृहस्थ गेल्यावर म्हणाले, “टेप आपला तोकडा. तो माणूस काय टेपाच्या मापाने जन्माला आलाय?” हे मला त्या बुधवारी आठवलं आणि वडिलांचा राग आला. जिवंत असतात तेव्हा ही माणसं भलत्याच गोष्टी शिकवतात, आणि नेमक्या वेळी काही बोलत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी मी त्या खुर्चीत बसले होते तेव्हा का नाही आठवलं? टेप संपला म्हणून मी माणूसच शून्य लिहिला, आणि तोही दोनशे बारा वेळा.

दुपारी मी खाली गेले. लॅबमध्ये नेहमीचा तो आंबूस वास, बाटल्यांच्या रांगा, काका पांढऱ्या कोटात उभ्यानेच काहीतरी खात होते. मी म्हटलं, काका, तुम्ही कधी बोलला का नाहीत? त्यांनी हात पुसले, कपाट उघडलं आणि एक फाईल काढून माझ्यापुढे धरली. अकरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: टेकडी विभागाचे अनेक नमुने मशीनच्या मर्यादेपलीकडे आहेत, ते अहवालात दिसत नाहीत, कृपया पाहावे. तिच्याखाली टाचलेलं उत्तर. ‘अहवालात सर्व नोंदी विचारात घेतलेल्या आहेत.’ खाली सही माझी. माझ्या ऐटीच्या दिवसांतली, लांबलचक शेपटीवाली सही. “तुम्ही लिहून दिलंत,” काका म्हणाले. “मी म्हटलं, वर शिकलेली माणसं आहेत. मग मी लाल पेनने लिहायला लागलो. लाल पेन तुमच्या संगणकात जात नाही हे मला कुणी सांगितलं नाही.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

आणि जिना चढताना, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, मला ताई आठवली. अर्धा दिवस मी तिला आठवू दिलं नव्हतं. माझी मोठी बहीण, तीन वर्षांनी मोठी. नऊ वर्षांपूर्वी ते लोक घर शोधत होते, दोन जागा पसंत पडल्या होत्या, एक नदीकाठची आणि एक टेकडीवरची, आणि ताईचं काही ठरेना. तिने मला विचारलं. मी तिला ऑफिसात बोलावलं, शेजारी खुर्ची दिली आणि तक्ता काढून दाखवला. “हे बघ, माझ्या हातचा आकडा आहे, इथे कुणाची शिफारस चालत नाही. नदीकाठी साडेसात. टेकडीवर पावणेतीन. डोळे मिटून घे.” तिने डोळे मिटून घेतलं. तिथे तिच्या मुलाचं लग्न झालं, सून आली, नात झाली. नातीला आम्ही ठमी म्हणतो. सहा वर्षांची आहे, गोड आहे, पण बोलायलाच तीन वर्षं उलटून गेल्यावर लागली, आणि अजून काल शिकवलेलं अक्षर आज तिच्याकडे राहत नाही. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना वेळ लागतो. ताई म्हणाली, काही मुलांना वेळ लागतो. मीही म्हटलं होतं. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. शिशामुळेच असं होतं का? कुणालाच सांगता येणार नाही, आणि शिशामुळे नाही हेही आता कुणाला सांगता येणार नाही. खालून फायली घेऊन येणारा शिपाई म्हणाला, बाई, गुडघा का? मी म्हटलं, हो, गुडघा.

गुरुवारी सकाळी मी साहेबांसमोर सगळं ठेवलं. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, हसतमुख, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारे. त्यांनी दोनशे बारा ओळी नीट वाचल्या, हे मान्य करायला हवं. मग खुर्ची मागे रेलून म्हणाले, “मॅडम, ही तर लॅबची चूक झाली. आकड्याच्या रकान्यात चिन्ह लिहायचंच कशाला?”

“चिन्ह बरोबर होतं,” मी म्हटलं. “मशीनला मोजता आलं नाही, तेवढंच त्यांनी लिहिलं. चूक माझ्या क्वेरीत आहे.”

“बरं, तुमची. मग दुरुस्त करा ना, पुढच्या वर्षीपासून.”

“आणि या वर्षी?”

साहेबांनी पेन उचललं. त्यांना पेन लागतं, त्याशिवाय विचार करता येत नाही. “या वर्षी नव्या मशीनचे दोन महिने चाचणीचे धरू. चाचणी काळातल्या नोंदी वगळल्या, एवढी एक ओळ. उरलेल्याला राउंड मारा. टेकडी आली मर्यादेत. पाइप बदलायचा प्रस्ताव मी स्वतः टाकतो, शांतपणे. घबराट करून काय मिळणार आहे? लोक पितायतच की अकरा वर्षं.”

हे वाक्य त्यांनी वाईटपणाने म्हटलं नव्हतं. तीच तर मेख आहे. त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटलं होतं. माझ्या डोक्यात एकदम सगळी फंक्शन्स ओळीने उभी राहिली, माझी गुणी, निमूट फंक्शन्स. कडा कापणारी, अडचणीचं अक्षर बदलणारी, दोनांतला लहान आकडा निवडून देणारी, टिंबानंतरचं सगळं पुसून गोल गोमटं करणारी. त्यांना काय दोष द्यायचा? ती सांगितलेलं करतात. मी इतकी वर्षं त्यांच्यातच राहून त्यांच्यासारखी झाले होते, काही अनोळखी आलं की शून्य ठेवून पुढच्या ओळीकडे. साहेबांची पत्रं ट्रिम करून दे, वरच्यांना चालेल असा शब्द घाल, अंदाजे गेलं चुलीत. बावीस वर्षांत मी एकदा तरी या खोलीत अडले होते का? मला आठवेना, आणि त्याची अशी काही चीड आली की कानशिलं गरम झाली.

“राउंड मारून एकशे एकोणचाळीसचे दहा होत नाहीत, साहेब,” मी म्हटलं.

ते हसले. “मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ तुमची आहे. पाणी त्यांच्या पोटात जातंय.”

हसणं थांबलं. त्यांनी पेन ठेवलं. “क्वेरीवर नाव कुणाचं आहे? उद्या हे बाहेर गेलं तर पहिलं नाव तुमचं येईल. दोन वर्षं राहिलीत तुमची. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

“येऊ दे. मोठ्या अक्षरांत येऊ दे. माझंच आहे ते.”

“म्हणजे तुम्ही अहवाल काढणार नाही?”

“काढणार. एकसष्टचा काढणार, आणि मागच्या अकरा वर्षांची दुरुस्ती जोडून काढणार. दुसरा माझ्या हातून निघणार नाही.”

आवाज कापत होता माझा. मला वाटायचं, माणूस ठाम बोलतो तेव्हा त्याचा आवाजही ठाम असतो. तसं काही नसतं. ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि तरी शब्द एकामागून एक बाहेर येत होते, कुणीतरी दुसरीच बाई माझ्या तोंडून बोलत असावी तसे, आणि ती बाई मला जाम आवडली. साहेब म्हणाले, तुम्ही दमलाय, दोन दिवस रजा घ्या. मी म्हटलं, रजा नको. ते म्हणाले, घ्या. जागेवर परत आले तेव्हा मला कळलं की घाई करायला हवी. मी दोनशे बाराच्या दोनशे बारा ओळी छापायला टाकल्या, नव्या मशीनच्या ओळीही टाकल्या. प्रिंटर आमचा म्हातारा, पान ओढताना कण्हतो. तेरावं पान बाहेर येत होतं आणि माझ्या पडद्यावर आलं की आपल्याला प्रवेश नाही. पासवर्ड घातला, पुन्हा घातला. प्रवेश नाही. चौदावं पान मात्र प्रिंटरने आधीच पोटात घेतलं होतं, तेही आलं. मी चौदा पानं टाचून पिशवीत घातली, डबा घातला, छत्री घातली आणि तीन वाजता ऑफिसातून निघाले, बावीस वर्षांत पहिल्यांदा हजेरीपटावर सही न करता.

शुक्रवारी अहवाल वेळेवर निघाला. मी तो घरी, फोनवर वाचला. टेकडी विभाग, शिसं तीन, मर्यादेत. खाली तळटीप, चाचणी काळातील नोंदी वगळल्या आहेत. साहेबांनी स्वतः बटण दाबलं असणार. क्वेरी माझीच, एक ओळ तेवढी वाढवलेली. मी नसले तरी ती चालली, मुकाट्याने, ठरलेल्या वेळात, आणि या वर्षीच्या पन्नासच्या पुढच्यांना तिने पुन्हा एकदा शून्य म्हटलं. मी फोन पलंगावर फेकला. मग उचलला आणि मोठ्या साहेबांना, नगरातल्या दोन वर्तमानपत्रांना, आरोग्यखात्याला लिहायला बसले. दुपारपर्यंत लिहीत होते. संध्याकाळी आरोग्यखात्यातून ई-मेलवर एक ठरावीक उत्तर आलं की पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे. योग्य तो विभाग म्हणजे आमचा. एका वर्तमानपत्रातला माणूस म्हणाला, बाई, सोमवारी बघतो. सोमवारी! म्हणजे शनिवार, रविवार, दोन दिवस टेकडीवरच्या चौदाशे घरांत नळ उघडणार, पातेली भरणार, पोरं खेळून येऊन घटाघटा पिणार. आणि तरीही मी शुक्रवारी टेकडीवर गेले नाही, हे लिहायलाच हवं. मोठ्या साहेबांना लिहिणं सोपं होतं. ताईला मी फोन हातात घेऊन चारदा ठेवला.

शनिवारी गेले. दार उघडंच होतं. ताई ओट्यापाशी उभी होती, नळाखाली गुलाबी बाटली धरून. ठमीला चित्रकलेच्या वर्गाला जायचं होतं, ती बाहेरच्या खोलीत एक मोजा शोधत होती. ताई मान न वळवता म्हणाली, “ये गं. वाट चुकलीस की काय?”

“ताई, नळ बंद कर.”

“अगं भरतेय बाटली.”

“बंद कर म्हणते ना!”

माझा तो आवाज तिने लहानपणानंतर ऐकला नसेल. तिने नळ बंद केला. मी सांगायला लागले, आणि सगळं उलटंसुलटं सांगितलं, आधी मशीन, मग साहेब, मग खूण, मग फंक्शन, मग सोमवारी बघणारा वर्तमानपत्रवाला, मग पुन्हा मशीन. तिने मला मधेच थांबवलं. “मला तुझी भाषा कळत नाही. पाण्यात काय आहे?” मी म्हटलं, शिसं आहे. अकरा वर्षं आहे. तुमच्या इमारतींच्या जुन्या पाइपांतून येतं. पन्नासच्या पुढे, कधी शंभरच्या. चालतं दहापर्यंत. तिने बाहेरच्या खोलीकडे बघितलं. ठमी मोजा सापडल्यामुळे स्वतःशीच काहीतरी म्हणत होती.

“तिचं ते त्यामुळेच का?”

“माहीत नाही, ताई. रक्त तपासलं की आत्ता किती आहे ते कळेल. झालं ते कशामुळे झालं, कुणीच सांगू शकणार नाही.”

“नाही म्हण.”

“नाही म्हणता येत नाही.”

“अगं बये, नाही म्हण की गं!”

मी म्हटलं नाही. म्हणावंसं वाटत होतं, जीव तुटत होता. तिने बाटली ओट्यावर पालथी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, “तूच म्हणालीस, डोळे मिटून घे.” मी म्हटलं, हो. “तुझ्याच हातचा आकडा म्हणालीस.” हो. ती ओट्याला टेकली, पदराने तोंड पुसलं, आणि मी वाट बघत राहिले की आता ही मला मारेल, लहानपणी मारायची तशी, पाठीत धपाटा. तिने मारलं नाही. मी रडायला लागले तर तिने तेही करू दिलं नाही. “रडू नकोस इथे. रडून माझ्याकडून काय हवंय तुला? मला सांगितलंस म्हणजे सुटलीस?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. तो कोण वर्तमानपत्रवाला सोमवारी बघणार, त्याचं मला नको सांगूस. इथे किती घरं आहेत?”

“चौदाशे.”

“मग माझ्या ओट्यापाशी कशाला उभी आहेस?” तिने सुनेला हाक मारून सांगितलं की ठमीला आज कुठे नेऊ नकोस, आणि खालच्या दुकानातून बंद बाटल्यांचं पाणी आण, लागेल तेवढं आण, का ते मग सांगते. मग माझ्या पिशवीतून तिने चौदा पानं काढली, एकदा वरून खाली बघितली, काही कळलं नाही बहुतेक, आणि माझ्या हातात कोंबली. “घाल चप्पल.”

शेजारच्या दारावर तिनेच बेल वाजवली. एक तरुण बाई आली, कडेवर वर्षाचं मूल, ताईला बघून हसली, मला बघून जरा गोंधळली. मी घसा साफ केला. म्हटलं, मी पाणीखात्यातून आलेय, कालच्या अहवालात आपल्या विभागासंबंधी जी सरासरी दिली आहे, तिच्यामध्ये काही तांत्रिक... ताईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, चांगलं जोरात. “सरळ सांग तिला.”

“तुमच्या पाण्यात शिसं आहे,” मी म्हणाले. “पिऊ नका, बाळाला देऊ नका, उकळूनही जात नाही ते. अकरा वर्षं आहे. मी ते मोजत होते, आणि मी ते शून्य लिहिलं.”

बाईने मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. ताई तोवर पुढच्या दाराशी पोहोचली होती. तिने बेल दाबली, आणि मी तिच्या मागोमाग गेले.